वैशालीचा सेहेचाळीसावा नंबर

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत मी पुढं बसलो नाही. टेम्पोवाला म्हणला, "बाबा, पुढं या, मागं धक्के बसतील." पण दुसरा चालवत असला की त्याच्या शेजारी बसणं मला जमत नाही. पाय आपोआप ब्रेक शोधतो आन् तोंड गप राहत नाही. म्हणून वैशालीच्या मायला पुढं बसवलं आन् मी मागं, ज्वारीच्या पोत्यावर, कपाटाला टेकून बसलो. तोंड गावाकडं. त्यामुळं गाव शेवटपर्यंत मलाच दिसलं, तिला दिसलं नाही. ह्याच्यावरून ती अजून बोलती.

पुतण्या धम्मपाल विहारापर्यंत टेम्पोच्या मागं चालत आला. देवणी गाय त्याच्याच दावणीला बांधून दिली होती. तो म्हणला, "काका, यादी तर लागू द्या. लागल्यावर जावा की."

"यादी लागायची वाट बघायला मी काय शिकाऊ हाय का?" मी म्हणलं. "सीनियॉरिटी काय असती ते तू मला सांगू नको."

तो हसला, जयभीम केला आन् मागं फिरला.

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहून राहिलो ते गावात राहिलेल्यांसाठी, आन् माझ्यासारखं म्हातारपणी लेकरांच्या मागं गाव सोडून गेलेल्यांसाठी. आपल्या गावात मी एक गोष्ट चुकीची सांगत फिरलो होतो. ती तोंडानं एकदा दुरुस्त केली. पण जे त्या दिवशी तिथं नव्हते, पुण्याला, हैदराबादला, सुरतेला हायत, त्यांच्या कानावर अजून जुनीच गोष्ट हाय. म्हणून हे.

छत्तीस वर्षं मी लाल गाडी चालवली. डेपोत कुणाला कोणती गाडी मिळणार हे एकाच गोष्टीवर ठरायचं, नोकरीला कोण आधी लागला. एका तारखेला दोघं लागले असले तर वयानं मोठा तो पुढं. माझ्याच तारखेला लागलेला एक जण होता, आमचं नेहमी भांडण लागायचं. शेवटी शाळेचे दाखले काढले, मी सात दिवसांनी मोठा निघालो. त्या सात दिवसांवर मी जन्मभर लातूरची सकाळची गाडी घेतली. तो बिचारा आडरस्त्याच्या मुक्कामी गाड्या करीत राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. नंबर म्हणजे नंबर.

आमची वैशाली पायलट झाली, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक हाय. मीच सांगितलंय. तिची कंपनी लहान गावांना जोडणारी, पंख्यावर चालणारी लहान विमानं चालवणारी. तिचं राहणं हैदराबादला. तिकडं डेपोला बेस म्हणतात. ज्या बेसला नाव लागलं तिथून ड्युटी सुरू आन् तिथंच संपायची. बेस कुणाला कोणता, हे बी नंबरावरच. ती मला हे पहिल्यांदा सांगायला लागली तव्हा मी म्हणलं, "बस, समजलं. आपलंच हाय की हे." फक्त एक गोष्ट उलटी. आपल्या गाडीत उजवीकडं बसतो तो मालक. तिकडं मालक डावीकडं बसतो, उजव्या खुर्चीत दोन नंबरचा. वैशाली सहा वर्षं उजवीकडं बसली, मग डावीकडं गेली, कॅप्टन झाली.

नांदेडला विमानं पुन्हा सुरू झाली तव्हा ती कधीकधी तिथं विमान घेऊन यायची. पंचवीस मिनिटं थांबायची आन् परत. तिची माय म्हणायची, "लेकरू दाराला येऊन मागं जातंय." मला माझे दिवस आठवायचे. माझी गाडी आपल्याच गावावरून जायची. थांब्यावर ही भाकरीचं गाठोडं घेऊन उभी राहायची, खिडकीतून हातात द्यायची, कंडक्टर घंटी मारायचा. मी घर बघायचो, घरात जायचो नाही. पण संध्याकाळी तर जायचो. पोरीचं तसं नव्हतं.

मग एक दिवस तिचा फोन आला, नांदेडला बेस होणार. दोन विमानं मुक्कामाला राहणार, सहा कॅप्टन लागणार. ती म्हणली, "अण्णा, काही सांगता येत न्हाई. माझ्या पुढं लई लोक हायत." मी कशाला ऐकतो? नोकरीचं अकरावं वर्ष पोरीचं. अकरा वर्षांच्या माणसाला आमच्या डेपोत मनातली गाडी मिळायची. मी गावभर सांगितलं, पोरगी नांदेडला येणार, आम्ही तिच्या आधी जाऊन घर लावणार. वैशालीच्या मायनं दोनदा म्हणून बघितलं, "आवो, दम धरा." मी दम धरला नाही. विमानतळाच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, एक जास्तीची तिच्यासाठी. तिच्या खोलीला पडदे लावले. गावात आमच्या घराला कधी पडदे नव्हते.

यादी लागली ती आम्ही नांदेडला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात.

"अण्णा, चौतीसवर बंद झाली," वैशाली म्हणली. "माझा सेहेचाळीस."

"सेहेचाळीस कसा? तुझ्या संगट लागलेले कितव्यावर हायत?"

"असतेत मागंपुढं. जाऊ द्या ना."

पण मी जाऊ देणाऱ्यातला नाही. माझ्या मनानं घेतलं, यादीत घोटाळा हाय. कुणाचातरी भाचा, कुणाचातरी जावई मधी घुसवला असणार. पुढच्या खेपेला गावात गेलो तव्हा हॉटेलात बसून हेच सांगितलं. किसन, माझा जुना कंडक्टर, टेबलावर हात आपटून म्हणला, "गरिबाच्या पोरीला असंच करतेत." चार जणांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं. आपल्या पोरीवर अन्याय झाला हे सांगताना छाती भरून येती, नंबर कमी होता हे सांगताना येत नाही.

नांदेडला परत आल्यावर रेघांच्या कागदावर अर्ज लिहिला. माझं अक्षर मोठं, दोन पानं भरली. वैशालीच्याच बॅचचा एक जण, इम्रान, चौतीस नंबरवाला, सहावी जागा त्यालाच मिळाली होती. हैदराबादचा पोरगा. वैशालीनं त्याला सांगितलं होतं, अण्णांकडं जाऊन ये म्हणून. तो एका दुपारी जेवायला आला. डाळ-भात, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, सगळं मनापासून खाल्लं. वैशालीच्या मायला म्हणला, "चची, भाकरी ऐसी हमारे इधर नै मिलती." हात धुतल्यावर मी अर्ज त्याच्या पुढं ठेवला. म्हणलं, "हे तुमच्या साहेबाला द्यायचं. एका बॅचचे दोघं, एक चौतीस आन् एक सेहेचाळीस, हे कोणत्या दस्तुरात बसतं?"

त्यानं वाचला. आधी हसला. मग माझ्याकडं बघून हसायचं बंद केलं.

"चचा, ये अर्जी नक्को देओ."

"कामून?"

"यादी बराबर है. वैशाली हमारे बॅच में थी, पर पैले दिन आईच नै. बाद के बॅच में बैठी. बीच में बारा जने आ गए. जिस दिन क्लास में बैठे उसी दिन से नंबर गिनते."

"आली कामून न्हाई?"

तो वैशालीच्या मायकडं बघायला लागला. ती ताट उचलून आत गेली.

"आपकी आखरी गाडी थी बोलके," इम्रान म्हणला. "एक बॅच में नंबर मार्क्स पे लगते, और मार्क्स उसके मेरे से जास्ती थे, चचा. वो आती तो ये सीट उसकी रैती. मेरी नै."

आपल्याकडचा रिवाज सगळ्यांना ठाऊक हाय. ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी त्याच्या शेवटच्या गाडीला झेंडूच्या माळा बांधतात, घरचे सगळे त्या गाडीत बसतात, गावात हलगी लावून उतरवून घेतात. माझी शेवटची गाडी कंधारहून सुटणार होती. महिन्याची अखेर. मी वैशालीला फोनवर म्हणलं होतं, माझ्या मागच्या पहिल्या सीटवर तू बसलेली पायजे. ती म्हणली, "अण्णा, त्याच आठवड्यात माझं काम सुरू होऊन राहिलंय." मी म्हणलं, "काम मी छत्तीस वर्षं केलं. तुझं दोन दिवस थांबल. तू आली न्हाईस तर मी गाडी हलवणार न्हाई."

ती आली. पिवळा ड्रेस घालून माझ्या मागं बसली. मी आरशात बघत गाडी चालवली. मुखेडच्या पुढं रस्ता लई खराब होता, तरी एक धक्का बसू दिला नाही. कोणतं काम, किती दिवस थांबणार, मी विचारलं नाही. गावात फोटो काढले, भाषण झालं, मी पाहुण्यांना सांगितलं, बघा, पायलट होणारी पोरगी बापाच्या लाल गाडीत बसून आली. आन् पोरगी दुसऱ्या दिवशी परत गेली, ते दोन महिने दुसऱ्या बॅचची वाट बघत बसायला. सात दिवसांवर जन्मभर सकाळची गाडी घेतलेल्या बापानं तिचे बारा नंबर घालवले.

इम्रान गेल्यावर मी हिला विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"हाव."

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तुम्हाला? सांगितलेलं तुम्ही कव्हा ऐकलं?" ती म्हणली आन् भांडी घासायला लागली.

अर्ज मी फाडला नाही. कपाटात घडी करून ठेवला. आपल्या चुकीचा कागद फाडायला मन झालं नाही. वैशालीला मात्र काही बोललो नाही. दर इतवारी फोन यायचा, जेवलीस का, जेवलो, एवढंच. गावात बी दुरुस्त केलं नाही. घोटाळ्याची गोष्ट तशीच चालू राहिली. खरं सांगतो, ते मला सोयीचं होतं.

नांदेडला रुळायला वेळ लागला. गावात दार उघडलं की आवाज यायचे, कोण चाललं, कुणाचं जनावर सुटलं. इथं दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. वैशालीची माय लवकर रुळली. गल्लीतल्या बायांसंगट फिरायला जायला लागली, तिच्या गुडघ्याचा डॉक्टर जवळ मिळाला. मला मोबाईलमधी विमानं बघायचं शिकवलं इम्राननं. लहानसं पिवळं चित्र सरकताना दिसतं. चौथी शिकलेला माणूस बसल्या जागी सांगायला लागला, आत्ता निजामाबादच्या वर हाय, आत्ता उतरली. रोस्टर, ऑफ, फ्लीट, हे शब्द माझ्या तोंडात बसले. गावात गेलो तर धम्मपालची बायको चहा बशीवाल्या कपात द्यायला लागली, पाहुण्याला देतात तसा. मी म्हणलं, "मला गिलासात दे की." ती म्हणली, "आसू द्या मामंजी." गाय मला बघून उठली नाही.

असं एक वरीस गेलं. मग एका मंगळवारी दुपारी वैशालीचा फोन. आवाज मोठा, हसत.

"अण्णा, लागला नंबर! कंपनी मोठी विमानं आणून राहिली. नांदेडचे साही जण मोठ्या विमानाला चालले, इम्रान बी. सगळ्या जागा रिकाम्या. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचा हाय. मी फॉर्मात नांदेड टाकून राहिले."

वैशालीच्या मायनं शेजारून ऐकलं, तिनं पदर डोळ्याला लावला. माझ्या बी तोंडात 'टाक' एवढाच शब्द आला होता. पण छत्तीस वर्षं डेपोत काढलेली. डेपोत नवी गाडी आली की जुन्या गाडीवर राहणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलंय. मी विचारलं, "मोठ्या विमानाला तुझा नंबर कितवा लागतो?"

"त्याचं काय एवढं."

"कितवा?"

"त्यांची यादी नव्यानं होणार हाय. आत्ता गेले तर बावीस. दोन-तीन वर्षांनी गेले तर सगळ्यांच्या मागं. जागा कुठं, तर गुवाहाटी. आन् परत काही दिवस उजव्या खुर्चीत. कशाला पायजे, अण्णा? लहान विमान बरं हाय. तुमी तिथं जाऊन बसलेत, खोलीला पडदे लावलेत."

"पडदे काढता येतेत."

"सगळ्या गावाला सांगितलंय तुमी."

"गावाला मी सांगीन काय सांगायचं ते. तू मोठं विमान टाक."

"न्हाई टाकत." ती माझीच पोरगी. एकदा नाही म्हणली की माझ्यापेक्षा जड. "माझं मी ठरवलंय. सारखं दुसऱ्याचं ऐकायला मी लहान हाय का?"

हुकूम देऊन झालं नसतं. हुकुमानंच तर सगळं केलं होतं. वैशालीची माय माझ्याकडं बघत होती. मी उठून गॅलरीत गेलो. माणसाला माफी मागायची सवय नसली की जीभ जड होती, कुठला शब्द आधी ठेवायचा कळत नाही. शेवटी ड्रायव्हरच्याच भाषेत बोललो.

म्हणलं, "वैशाली, त्या दिवशी तू आली नसतीस तरी मी गाडी हलवायला पायजे व्हती."

"इम्राननं सांगितलं वाटतं," ती म्हणली.

"सांगितलं. वरीस झालं."

"आन् तुमी वरीसभर बोलले न्हाईत?"

"न्हाई."

ती हसली का रडली मला कळलं नाही. मग म्हणली, "अण्णा, ती गाडी मला बी बघायची व्हती. तुमी आरशात बघत व्हते ना, मी बी बघत व्हते. फक्त तुमच्यासाठी आले असं समजू नका. एवढी शिकलेली मी, मला कळत नव्हतं का काय सोडून राहिले?"

"तव्हा तू स्वतःच्या मनानं आलीस, बरं. आता बी स्वतःच्या मनानं बघ. आमाला मधी धरू नको. आमी हितंच हावोत. नांदेड कुठं जात न्हाई."

तिनं लगेच हाव म्हणलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी फोन केला नाही. वैशालीची माय म्हणली, "करा की." मी म्हणलं, "न्हाई. मी बोललो की ते परत माझंच होतं." शुक्रवारी दुपारी तिचा एकच मेसेज आला. मला वाचायला वेळ लागला. "गुवाहाटी टाकली. बाविसावा." वैशालीच्या मायनं मेसेज ऐकला, संध्याकाळी स्वयंपाक केला पण जेवली नाही. एक लेकरू दाराशी येता येता हजार कोस लांब गेलं, ते माझ्याच बोलण्यानं. ती मला काही बोलली नाही, बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी गावाला गेलो. हॉटेलात किसन होता, आणखी पाच-सहा जण. मी उभ्यानंच सांगितलं. पोरगी नांदेडला येत नाही, आसामात चालली. आन् मागच्या खेपेला घोटाळा झाला म्हणलो होतो, तो झाला नव्हता. यादी बरोबर होती. माझ्या शेवटच्या गाडीसाठी मी तिला बोलावलं, त्यात तिचे बारा नंबर गेले.

मग किसन म्हणला, "म्हणजे घोटाळा तूच केला व्हय रे?"

"हाव. मीच."

"आन् ही गोष्ट सांगायला नांदेडहून आलास? फोनवर सांगितलं असतं."

"फोनवर मी खोटं बी बोलू शकतो," मी म्हणलं. सगळे हसले. मला बसायला जागा केली. धम्मपाल म्हणला, "काका, आता नांदेडला काय ठेवलंय? या परत. घर हायच."

मी परत गेलो नाही. लोकांना वाटतं हट्ट. थोडा हट्ट असेल. पण मी वैशालीला आमी हितंच हावोत म्हणलं होतं. उद्या मी जागा हलवली, की ती तिकडं बसून विचार करायला लागणार, अण्णा माझ्यामुळं आले, माझ्यामुळं गेले. एवढं वजन लेकराच्या मागं बांधायला नको. तुमच्यातले जे पोरांसाठी गाव सोडून गेलेत आन् रोज त्यांना ऐकवतात, तुझ्यासाठी सोडलं, तुझ्यासाठी आलो, त्यांना माझं एवढंच सांगणं हाय. मी सोडलं ते माझ्या मनासाठी सोडलं. पोरीनं ये म्हणलं नव्हतं.

घर म्हणजे काय म्हणून विचारलं तर आधी मी गावाकडं, जळकोटच्या दिशेनं बोट केलं असतं. मधी म्हणलो असतो, पोरीचा बेस जिथं तिथं. आता नीट सांगता येत नाही. बोलावल्यावर लेकरू येतं ते घर मी लई वर्षं चालवलं. न बोलावता येतं, ते आत्ता कुठं सुरू झालंय.

मागच्या महिन्यात आली. कळवलं नव्हतं. तीन विमानं बदलून, साध्या कपड्यात, पाठीला बॅग. दार उघडलं तर उभी. "अण्णा, दोन दिवस ऑफ हाय."

मी म्हणलं, "ये."

त्याच्यापुढं बोललो नाही. बोललो असतो तर थांब म्हणलो असतो.